वादळाची उंची

सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस दुपारीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस कोंकणच्या किनाऱ्यावर आलें. त्या वेळीं त्यांतील वाऱ्याचा वेग ताशीं ११० किलोमीटरांच्या आसपास होता. रायगड जिल्हा ओलांडून, घाट चढून, संध्याकाळीं तें पुणें जिल्ह्यांत शिरलें आणि आपल्या भागावरून ईशान्येकडे निघून गेलें. आंबेगांव व जुन्नर या दोन तालुक्यांत त्या दिवशीं घरांचे पत्रे उडाले, झाडें उन्मळून पडलीं, विजेचे खांब वाकले, भाजीपाल्यासाठीं व फुलांसाठीं उभारलेलीं पॉलिहाउसें फाटलीं. आणि पश्चिमेकडील डोंगराळ गांवांतून हिरड्याचें मोठें नुकसान झालें. हिरडा वेंचून वर्षाची मीठमिरची भागविणाऱ्या आदिवासी कुटुंबांची भरपाईची मागणी पुढें कित्येक वर्षें चालू राहिली.

या वादळानें आपल्याकडील पुष्कळ लोकांस नुकसानीबरोबर आश्चर्यहि वाटलें. वादळ ही समुद्रकांठची आपत्ति, असें आपण पिढ्यान् पिढ्या समजत आलों. आपण किनाऱ्यापासून सुमारें शंभर किलोमीटर आंत, समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंचीवर राहतों. मध्यें सह्याद्रीसारखी भिंत उभी आहे. असें असतां वादळ येथवर आलेंच कसें?

प्रश्न अगदीं योग्य आहे, आणि त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येईल: वादळाच्या मानानें सह्याद्रि फार ठेंगणा आहे. परंतु उत्तर पाठ करण्यापेक्षां तें कां खरें आहे हें समजून घेणें विद्यार्थ्यास अधिक शोभतें. म्हणून वादळ बुडापासून माथ्यापर्यंत उभें चिरून त्याच्या पोटांत काय असतें, तें या लेखांत आपण पाहूं.

भिंत केवढी, वादळ केवढें

हरिश्चंद्रगड हा आपल्या आसपासच्या अत्युच्च डोंगरांपैकीं एक. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,४२४ मीटर, म्हणजे दीड किलोमीटराच्या आंतच. नाणेघाटाची खिंड तर याच्या पुष्कळच खालीं आहे. उलट पूर्ण वाढलेल्या चक्रीवादळाचे ढग १५ किलोमीटर व क्वचित् त्याहूनहि उंच चढतात. एव्हरेस्टचें शिखरदेखील ८,८४९ मीटरच उंच आहे. जुन्नर गांवांतून पाहतां शिवनेरीचा माथा आपल्या डोक्यावर सुमारें ३०० मीटर आहे असें धरलें, तर वादळाच्या माथ्यापर्यंत पोंचण्यास असे पन्नास शिवनेरी एकावर एक रचावे लागतील.

मात्र एवढ्यावरून एखादा उंच मनोरा डोळ्यांपुढें आणूं नये. वादळाची रुंदी त्याच्या उंचीहून कितीतरी अधिक असते. ३०० किलोमीटर रुंद व १५ किलोमीटर उंच असें एक वादळ घ्या. हें प्रमाण वीसास एक असें पडतें. वीस सेंटिमीटर रुंद व एक सेंटिमीटर जाड अशी बाजरीची भाकरी परातींत थापावी, तसा त्याचा आकार झाला. याच मापानें सह्याद्रि मोजला तर तो एक मिलिमीटरहि भरत नाहीं. भाकरीखालीं पिठांतली एखादी कणी राहिली, तर भाकरी फिरावयाची थांबते काय? तिच्या बुडास थोडें खरचटतें, एवढेंच. सह्याद्रीवरून जातांना वादळाचेंहि असेंच होतें. या खरचटण्याचा परिणाम काय होतो, तें पुढें येईल.

वादळ उंच असलेंच पाहिजे

ही गोष्ट विद्वानांनाहि फार दिवस ठाऊक नव्हती. ‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या गृहस्थानें सन १८४० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणला. सर्पाच्या वेटोळ्याचा बोध करणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यानें तो घेतला होता. जहाजांच्या नोंदवह्या पडताळून समुद्राच्या पृष्ठावर वारा वेटोळें घालून कसा फिरतो, तें त्यानें व त्याच्या समकालीनांनीं चांगलें दाखविलें. परंतु हें वेटोळें वर कोठवर जातें, हें पाहण्यास त्या काळीं साधन नव्हतें. तें फार उंच नसावें, अशी कित्येकांची समजूत होती. सन १९३५ मध्यें बर्नहार्ड हाउर्विट्झ या शास्त्रज्ञानें वादळांत न शिरतां, केवळ दाबाच्या नियमांचा विचार करून, ही समजूत टिकणारी नाहीं असें दाखविलें. त्या विचाराचा गाभा आपल्या वरच्या वर्गांतील मुलांस समजण्यासारखा आहे.

हवेस वजन आहे. एखाद्या ठिकाणीं हवेचा जो दाब असतो, तो म्हणजे त्या ठिकाणावर उभ्या असलेल्या हवेच्या संबंध खांबाचें वजन. समुद्रकांठीं हा दाब सुमारें १,००० मिलिबार असतो. वादळाच्या मध्यावर तो कमी होतो. तो २० मिलिबारांनीं कमी झाला असें धरूं. म्हणजे मध्यावरील खांबाचें वजन शेंकडा दोन घटलें. आतां खांब हलका केव्हां होतो? त्यांतील हवा उष्ण झाली म्हणजे; कारण उष्ण हवा विरळ असते.

प्रथम असें समजा, कीं वादळ अवघें एक किलोमीटर उंच आहे. समुद्रालगतच्या पहिल्या किलोमीटरांतील हवेचें वजन सुमारें ११० मिलिबार भरतें. त्यांतून २० मिलिबार कमी व्हावयाचे, तर तेथील हवा ६० अंशांहूनहि अधिक तापली पाहिजे. म्हणजे २८ अंशांची हवा ९० अंशांच्या घरांत जाईल! अशा हवेंत मनुष्य वांचणार नाहीं. आणि वादळाच्या मध्यांतून तर जहाजें खलाशांसह पार पडलेलीं आहेत. उलट, हीच उणीव १५ किलोमीटर उंचीच्या सबंध खांबास वांटून दिली, तर सरासरीनें दोन-तीन अंशांची वाढ पुरी पडते. ही गोष्ट सहज घडण्यासारखी आहे. तेव्हां वादळ उंच असलेंच पाहिजे. आणि त्याचा गाभा भोंवतालच्या हवेपेक्षां उष्ण असलाच पाहिजे. पुढें विमानें व फुगे वादळांत गेले, तेव्हां तंतोतंत असेंच आढळलें.

चूल, सरपण आणि धुराडें

ही उष्णता येते कोठून? समुद्रापासून. चक्रीवादळ उपजण्यास समुद्राचें वरचें पाणी निदान साडेसव्वीस अंश उष्ण असावें लागतें, असा सामान्य अनुभव आहे. ‘निसर्ग’ उपजलें तेव्हां अरबी समुद्राचें पृष्ठ ३० अंशांच्या आसपास तापलेलें होतें. अशा पाण्यावरून वारा वाहूं लागला म्हणजे तो वाफ उचलतो. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ६०० किलोकॅलरी उष्णता खर्चीं पडते. ती नाहींशी होत नाहीं; वाफेंत लपून राहते. म्हणून तिला गुप्त उष्णता म्हणतात. भाताच्या पातेल्यावरचें झांकण काढतांना हातास वाफ लागली म्हणजे केवढें भाजतें, हें घरांतील सर्वांस माहीत आहे. वाफेचें पाणी होतांना ही लपलेली उष्णता आपल्या हातावर उतरते, त्याचा तो प्रताप.

वादळांतील वाफ मध्याकडे ओढली जाते, वर चढते, थंड होते आणि तिचे थेंब बनतात. थेंब बनतांना लपलेली उष्णता हवेंत मोकळी होते. उष्णता घेतली जाते तळाशीं, आणि मोकळी होते उंचावर, ही मुख्य गोष्ट ध्यानांत ठेवावी. समुद्र ही चूल, वाफ हें सरपण, आणि ढगांचा उभा खांब हें धुराडें. धुराडें उंच असलें म्हणजे चुलाण कसें चांगलें ओढतें, हें गुऱ्हाळावर बसलेल्या मुलांस सांगावयास नको.

वादळाचे मजले

आतां आपण तळापासून एकेक मजला चढत जाऊं.

पहिला मजला पृष्ठापासून सुमारें एक किलोमीटर उंचीपर्यंतचा. येथें वारा समुद्राच्या लाटांस किंवा जमिनीस घासत जातो. आपल्या गोलार्धांत तो घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें मध्याभोंवतीं फिरतो. घर्षण नसतें तर तो नुसता फिरतच राहिला असता. घर्षणामुळें त्याचा वेग कमी होतो आणि तो फिरतां फिरतां आंत ओढला जातो. वादळास वाफेचा पुरवठा होतो तो या मजल्याच्या दारानें. एक विशेष असा, कीं वारा सर्वांत जोराचा असतो तो अगदीं पृष्ठाशीं नसून त्याच्या कांहींसा वर, बहुधा अर्धा ते एक किलोमीटरांच्या दरम्यान. खालीं तो घर्षणानें मंदावलेला असतो.

दुसरा मजला तेथून दहा-बारा किलोमीटरांपर्यंत पसरलेला आहे. मध्याभोंवतीं प्रचंड ढगांचें जें कडें असतें, तें या मजल्यांतून वर चढतें. हें कडें विहिरीच्या बांधकामासारखें सरळ उभें नसतें. वर जातां जातां तें बाहेरच्या बाजूस कलतें. नरसाळें रुंद तोंड वर करून उभें धरावें, तशी त्याची ठेवण. हवा एक किलोमीटर चढली म्हणजे तापमान सुमारें सहा अंशांनीं उतरतें. म्हणून उन्हाळ्यांतहि आपल्या देशांत सुमारें पांच किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याची रेघ येते. तिच्या वरच्या ढगांत बर्फाचे कण असतात. वादळाच्या ज्या पावसानें आपण भिजतों, त्यांतील पुष्कळसे थेंब वर बर्फाचे कण म्हणूनच जन्मलेले असतात.

या मजल्यांत जसजसें वर जावें तसतसा वाऱ्याचा जोर हळूहळू कमी होतो. सामान्य नियम असा, कीं डोंगराच्या पायथ्यापेक्षां माथ्यावर वारा अधिक. मग येथें उलट कां? याचेंहि कारण तो उष्ण गाभाच आहे. मध्यावरील खांब हलका असतो म्हणून आंत दाब कमी, आणि दाबाच्या त्या उणिवेमुळेंच वारा इतक्या जोरानें फिरतो. आपण वर चढलों म्हणजे हलक्या खांबाचा कांहीं भाग पायांखालीं राहिला. डोक्यावर उरलेल्या भागाची उणीव तेवढी लहान झाली. उणीव लहान, तर वाराहि लहान. माथ्याजवळ पोंचेपर्यंत ती जवळजवळ संपते. वादळाची शक्ति उंचीवर तयार होते, पण तिचा मार तळाशीं बसतो, तो असा.

तिसरा मजला म्हणजे वादळाची गच्ची. सुमारें बारा ते सोळा किलोमीटरांच्या दरम्यान वर चढलेल्या हवेस आणखी चढतां येत नाहीं. कारण तिच्या वर स्थितांबर नांवाचा थर असतो, आणि त्यांत वर जावें तशी हवा अधिक उष्ण होत जाते. छतास लागलेला धूर जसा चोहोंकडे पसरतो, तशी ही हवा बाहेर पसरते. येथें तापमान उणे ७० अंशांच्या आसपास असतें. मध्यापासून दूर गेल्यावर ही हवा खालच्या वाऱ्याच्या उलट, म्हणजे घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरूं लागते. हा मजला कमी महत्त्वाचा नाहीं. वरून जितकी हवा बाहेर जाईल, ती खालून येणाऱ्या हवेपेक्षां अधिक असेल तरच मध्यावरील दाब आणखी उतरतो. धुराड्याचें तोंड बुजलें तर चूल धुमसून विझते, वादळाचेंहि तसेंच.

या सर्व मजल्यांच्या मधोमध एक चौक असतो. त्यास वादळाचा डोळा म्हणतात. येथें हवा वर न चढतां हळूहळू खालीं उतरते. सायकलींत हवा भरतांना पंप गरम होतो. दाबली गेलेली हवा तापते, हा सृष्टीचा नियम आहे. त्याच नियमानें उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि तिच्यांतील ढग विरतात. प्रबळ वादळाच्या डोळ्यांत, बऱ्याच उंचीवर, हवा भोंवतालच्या हवेपेक्षां १० अंशांहूनहि अधिक उष्ण असलेली मोजली गेली आहे. डोळा डोक्यावर आला म्हणजे वारा एकाएकीं पडतो आणि क्वचित् आकाशहि दिसतें. अशा वेळीं वादळ गेलें असें समजून बाहेर पडणारे फसतात. कारण कड्याची दुसरी बाजू यावयाची असते, आणि ती उलट दिशेचा वारा घेऊन येते.

भर पावसाळ्यांत अशीं वादळें कां होत नाहींत?

येथें एखादा चौकस विद्यार्थी विचारील: आषाढ-श्रावणांत आपल्याकडे वारा व पाऊस यांची कमतरता नसते; मग अरबी समुद्रांत चक्रीवादळें होतात तीं मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडीं व पावसाळ्यानंतर, असें कां? ‘निसर्ग’ मोसमी पाऊस महाराष्ट्रांत पोंचण्यापूर्वीं आलें. ‘फयान’ वादळ मुंबई व अलिबाग यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागलें तें सन २००९ च्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस.

याचेंहि उत्तर उंचीत आहे. भर पावसाळ्यांत खालचा वारा पश्चिमेकडून येतो. नाणेघाटाच्या तोंडाशीं तो अंगावर घेतलेल्यास हें सांगणें नको. पण त्याच वेळीं १४-१५ किलोमीटर उंचीवर द्वीपकल्पावरून अगदीं उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे, ताशीं शंभर किलोमीटरांहूनहि अधिक वेगानें वारा धांवत असतो. चक्रीवादळास आपले सर्व मजले एकावर एक नीट उभे ठेवावे लागतात. घरांतल्या उतरंडीच्या खालच्या मडक्यास एकीकडे व वरच्यास दुसरीकडे धक्का दिला, तर उतरंड उभी राहील काय? तशीच त्या दिवसांत वादळाची रचना मोडते. उष्ण गाभा एकीकडे वाहून जातो, तळचें वेटोळें दुसरीकडे राहतें, आणि वादळ मोठें होण्यापूर्वींच विस्कटतें. मोसमी पावसाचे वर व खालीं उलट वाहणारे हे दोन वारे एका परीनें आपले राखणदार आहेत.

घाट चढल्यावर काय होतें

जमिनीवर आल्याबरोबर वादळाची चूल विझते. कारण खालीं समुद्र नसतो. शिवाय जमीन, झाडें, घरें व डोंगर यांच्याशीं घासून पहिल्या मजल्याचा वेग तुटतो. मघां म्हटलेलें खरचटणें तें हेंच. यामुळें वादळ मरूं लागतें. परंतु तें जागच्या जागीं मरत नाहीं. वरच्या मजल्यांत सांठलेली उष्णता व दहा-बारा किलोमीटर उंच फिरत असलेली हवा घटके-दोन घटकांत थांबणारी नसते. इंजिन बंद केलेली भरलेली मालगाडी जशी रुळांवरून पुष्कळ दूर जाते, तसें वादळ आपल्या जुन्या जोरावर चालत राहतें. ‘निसर्ग’ दुपारीं किनाऱ्यावर ‘तीव्र चक्रीवादळ’ या पायरीवर होतें. संध्याकाळीं पुणें जिल्ह्यांत तें एक पायरी उतरलें, तरी चक्रीवादळच होतें. रात्रीं आणखी उतरलें, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे विदर्भाच्या पश्चिम भागावर असतांना त्याचा केवळ कमी दाबाचा पट्टा उरला. किनाऱ्यापासून आपल्यापर्यंतचें अंतर कापण्यास त्यास कांहीं तासच लागले. तेवढ्या वेळांत एवढी उंच वस्तु पुरती विरणें शक्य नव्हतें.

डोंगराळ मुलखांत आणखी दोन गोष्टी घडतात. पहिली वाऱ्याची. कड्यावरून व खिंडींतून जातांना वारा आकसतो व जोर करतो. दरींत तो पडलेला वाटतो. म्हणून एकाच गांवच्या दोन वाड्यांत नुकसानीचें मान फार वेगळें असतें. दुसरी पावसाची. ओलसर हवा सह्याद्रीस टेकून बळेंच वर चढते आणि आपलें पाणी तेथें टाकते. यास्तव वारा उतरला म्हणजे धोका उतरला, असें डोंगरउतारावरील गांवांनीं मानूं नये. आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर सन २०१४ च्या जुलैच्या ३० तारखेस दरड कोसळून दीडशेंच्या वर माणसें गेलीं. तो पाऊस चक्रीवादळाचा नव्हता, मोसमी होता. पण पाण्यानें भिजून जड झालेला उतार, पाणी कोठून आलें, हें विचारीत बसत नाहीं.

वाऱ्याच्या माराविषयीं एक हिशेब प्रत्येक घरीं ठाऊक असावा. वेग दुप्पट झाला तर मार दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं ३० किलोमीटरांचा वारा ज्या पत्र्यास हलवूं शकत नाहीं, त्यावर ताशीं ९० किलोमीटरांचा वारा नऊपट जोर करतो. शिवाय छपरावरून वेगानें जाणारा वारा त्यास वर ओढतो, आणि उघड्या दारांतून आंत शिरलेला वारा खालून उचलतो. या दोहोंमुळें पत्रा उडतो. नुसते दगड ठेवून भागत नाहीं. पत्रा वाशास व वासा भिंतीस पक्का जखडलेला असावा लागतो. आपल्याच तालुक्यांत खोडदजवळ रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर रुंदीच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. त्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. रेडिओ लहरींस जाळी पुरते आणि वारा आरपार जातो. म्हणून एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर तोलतां आली. जोराचा वारा सुटल्यास त्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून स्थिर ठेवितात. वाऱ्याशीं झुंजण्यापेक्षां त्यास वाट देणें शहाणपणाचें, हा धडा तेथें पाहण्यास मिळतो.

वरचा मजला आधीं दिसतो

वादळाची गच्ची त्याच्या तळापेक्षां दूरवर पसरलेली असते. म्हणून वादळ येतांना त्याचा माथा प्रथम दिसतो आणि बूड शेवटीं येतें. आधीं पिंजलेल्या कापसासारखे उंच, पांढरे ढग एका बाजूनें पसरूं लागतात. मग सूर्याभोंवतीं खळें पडावें असा पातळ पडदा येतो. मग तो दाट होऊन करडा होतो. आणि शेवटीं ठेंगणे, काळे, फाटलेले ढग झपाट्यानें धांवूं लागतात. उंच ढग व खालचे ढग भिन्न दिशांनीं जात असतील तर अधिक सावध व्हावें. एवढ्यावरून वादळ येणारच असें मात्र ठरत नाहीं. असे ढग इतर कारणांनींहि येतात. वेधशाळेचा इशारा व आपले डोळे या दोहोंची सांगड घालावी.

वादळ कोणत्या बाजूस आहे, हें ओळखण्याचा नियम डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यानें सन १८५७ मध्यें सांगितला. आपल्या गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें, तर कमी दाबाचा प्रदेश डाव्या हातास असतो. डोंगरांच्या कुशींत वारा वळतो, म्हणून हा पडताळा उघड्या माळावर पाहावा, आणि तोहि वादळ दूर असतांना.

ज्यांच्याजवळ वायुभारमापक असेल त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. जुन्नर उंचावर असल्यामुळें येथील दाब समुद्रकांठच्या मानानें नेहमींच सुमारें ७५ मिलिबार कमी असतो. आपल्या डोक्यावरचा खांब तेवढा आंखूड आहे. ही उणीव वादळाची नव्हे. शिवाय दाब रोज सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास चढतो आणि पहांटे व दुपारीं चारच्या सुमारास थोडा उतरतो. म्हणून आंकडा न पाहतां बदल पाहावा. चढण्याच्या वेळीं जर दाब उतरत चालला असेल, तर तो खरा इशारा.

हें ज्ञान मिळालें कसें

फुग्यांस उपकरणें बांधून तीं उंच सोडावयाची, आणि त्यांनीं रेडिओनें धाडलेलें तापमान, दाब व ओलावा जमिनीवर टिपावयाचा, ही पद्धत आज जगभर चालू आहे. असे फुगे तीस किलोमीटरांच्या घरांत पोंचतात. सन १९४३ च्या जुलैच्या २७ तारखेस अमेरिकेंत जोसेफ डकवर्थ या वैमानिकानें टेक्सासच्या किनाऱ्यावरील वादळाच्या डोळ्यांत विमान नेलें आणि सुखरूप परत आणलें. त्यानंतर तेथें विमानांतून छत्रीच्या साह्यानें उपकरणें वादळांत सोडूं लागले. समुद्रापासून तीन किलोमीटर उंचीवरचा वारा शंभर धरला तर पृष्ठावरचा सुमारें नव्वद भरतो, असे हिशेब त्यांवरूनच निघाले. ‘निसर्ग’च्या वेळीं मुंबईचें रडार त्याच्या पोटांतील पाऊस पाहत होतें आणि उपग्रह वरून त्याची गच्ची पाहत होते. आपल्या जिल्ह्यास या शास्त्राशीं जुनें नातें आहे. सन १९२८ मध्यें हिंदुस्थानच्या हवामान खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें, आणि सन १९६२ मध्यें उष्ण प्रदेशांच्या हवामानाचें संशोधन करणारी संस्थाहि पुण्यासच स्थापन झाली. आपल्या शाळेंतील एखाद्या मुलास किंवा मुलीस या कामाची आवड लागली, तर वाट फार दूरची नाहीं.

विद्यार्थ्यांनीं आजपासून एक वही करावी. रोज ठराविक वेळीं वाऱ्याची दिशा, खालच्या ढगांची दिशा, उंच ढगांची दिशा, आणि पाऊस पडला असल्यास त्याचें माप, एवढेंच लिहावें. पावसाळ्यांत दोन थरांतील ढग उलट दिशांनीं जातांना ज्या दिवशीं दिसतील, त्या दिवशीं वरील प्रकरण पुस्तकाशिवाय समजेल.

आणि वडील मंडळींस एवढीच विनंति, कीं “वादळ अलिबागजवळ आहे” अशी बातमी पुन्हां ऐकूं आली, तर ती दुसऱ्याच्या गांवची बातमी समजूं नये. पंधरा किलोमीटर उंचीच्या वस्तूस सव्वा-दीड किलोमीटरांचा डोंगर थांबवीत नाहीं. किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत येण्यास तिला कांहीं तास लागतात. पत्रे जखडणें, गुरें सुरक्षित जागीं बांधणें, वाळत घातलेला हिरडा घरांत घेणें आणि धोक्याच्या उतारावरील माणसांस हलविणें, यांस तेवढे तास पुरे आहेत. ते आपण वाया घालवूं नयेत.